समुद्रावरची पंगत

पर्यटन-जहाजाचे तिकीट काढताना प्रवाशाला जे अनेक प्रश्न विचारले जातात, त्यांतला एक वरवर अगदी किरकोळ दिसतो. रात्रीचे जेवण पहिल्या पाळीत घेणार की दुसऱ्या? म्हणजे सहाच्या सुमारास की आठ-साडेआठला? टेबल दोघांचे हवे, चौघांचे, की आठ-दहा जणांचे? सगळे दिवस एकच ठरावीक टेबल हवे, की रोज मिळेल तिथे बसणे चालेल? एका चौकोनात खूण करायची आणि पुढे जायचे. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही केवळ विनंती आहे, ती मान्य होईलच असे नाही. केबिन पैसे मोजून विकत घेता येते. टेबल मात्र मागावे लागते.

ह्या मागण्याला एक इतिहास आहे, आणि तो मराठी वाचकाला इतरांपेक्षा लवकर उमगावा असे आम्हांस वाटते. कोणाचे पान कोणाशेजारी मांडायचे, ह्या एका प्रश्नाभोवती आपल्या भाषेत केवढी शब्दसंपत्ती साठलेली आहे! पंगत, पंक्तिभेद, पंक्तिपावन, पंक्तिप्रपंच, रोटीव्यवहार, वाळीत टाकणे, पंगतीला घेणे. ह्यांतला प्रत्येक शब्द कोणाला तरी आत घेतो नाहीतर बाहेर ठेवतो. पाश्चात्त्य जहाज-कंपन्यांना असे शब्द लागले नाहीत. त्यांनी तेच काम भाड्याचे दर, शिष्टाचार आणि मुख्य स्टुअर्डच्या हातातला टेबलांचा नकाशा ह्यांवर भागवले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शिडाच्या जहाजांवर तर हा व्यवहार उघडउघड होता. त्या काळी प्रवासाचे मोल ठरे ते प्रवासी कोणाच्या टेबलाशी जेवणार ह्यावर. कप्तानाच्या टेबलाशी बसायचे तर दर चढा. तिसऱ्या मेटच्या टेबलाशी बसायचे तर स्वस्तात काम होई. कप्तानाच्या टेबलावरही हुद्द्याप्रमाणे आणि ज्येष्ठतेप्रमाणे क्रम लागे. कलकत्त्यात किंवा मुंबईत उतरल्यावर समाजात जे स्थान मिळायचे, त्याची रंगीत तालीम चार-सहा महिने रोज दुपारी जेवणाच्या वेळी होत असे. निदान त्यात लपवाछपवी नव्हती.

वाफेची जहाजे आली आणि प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला. कनार्डच्या कंपनीचे 'ब्रिटानिया' 1840 साली लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाले. चार्ल्स डिकन्स 1842 च्या जानेवारीत ह्याच जहाजाने गेला आणि त्याने तिथल्या भोजनकक्षाची यथेच्छ टिंगल केली. लांबच लांब टेबले, दोन्ही बाजूंना बसण्याची सोय आणि बशा घसरू नयेत म्हणून टेबलावर लाकडी कठडे, असा तो सगळा थाट. लांब टेबलाला एक गुण आहे, तो आपल्या पंगतीलाही आहे: शेजारी निवडता येत नाही. पण लांब टेबलाला टोकेही असतात. एका टोकाला यजमान बसतो, आणि त्याच्यापासून किती अंतरावर आपले पान आहे हे मोजता येते.

आणि कधी पानच मांडले जात नाही. फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून 1838 मध्ये निसटलेला, पुढे तिच्याविरुद्ध बोलणारा सर्वांत प्रभावी वक्ता. 1845 साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, धरपकडीचे भय वाढले आणि तो कनार्डच्याच 'कँब्रिया' जहाजाने इंग्लंडला निघाला. त्याला वरच्या वर्गात केबिन नाकारण्यात आली. तो खालच्या वर्गातून गेला. इंग्लंडात आणि आयर्लंडमध्ये त्याची व्याख्याने गाजली, तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून 1846 मध्ये त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. आता तो कायद्यानेही मुक्त होता. 1847 च्या वसंतात परतताना त्याने लंडनच्या कचेरीत आगाऊ पैसे भरून वरच्या वर्गाची जागा घेतली. पुन्हा जहाज 'कँब्रिया'च. लिव्हरपूलच्या धक्क्यावर आल्यावर त्याला सांगण्यात आले की त्याची जागा दुसऱ्याला दिलेली आहे, आणि प्रवास करायचाच असेल तर एक अट मान्य करावी लागेल: जेवण एकट्याने घ्यायचे आणि भोजनकक्षातल्या मंडळींत मिसळायचे नाही.

ही अट नीट पाहण्यासारखी आहे. कंपनीने त्याला जहाज नाकारले नाही. राहण्याची सोयही, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, वाईट नव्हती. नाकारले ते टेबल. एका छताखाली निजणे, एकाच डेकवरून समुद्र पाहणे ह्यांत कोणाचे काही बिघडत नव्हते. एका टेबलाशी घास घेणे मात्र चालणार नव्हते. जातिव्यवस्थेचे हे सूत्र अटलांटिक महासागरावर, एकही हिंदू हजर नसताना, इतक्या शुद्ध स्वरूपात आढळावे ह्याची मौज वाटावी की विषाद, हे वाचकांनी ठरवावे. कंपनीच्या एजंटाची सबब अशी की अमेरिकन प्रवाशांना आवडत नाही. पंक्तिभेद करणारा यजमान नेहमी हेच सांगतो. त्याचे स्वतःचे काही म्हणणे नसते, पाहुण्यांचे असते. डग्लसने अट पत्करून प्रवास केला, पण निघण्यापूर्वी सारी हकिगत वृत्तपत्राला कळवली. इंग्लंडातली पत्रे खवळली, आणि खुद्द सॅम्युएल कनार्ड ह्याला 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून खेद व्यक्त करावा लागला व पुन्हा असे होणार नाही अशी हमी द्यावी लागली. जेवणाच्या जागेवरून जहाज-कंपनीच्या मालकाने जाहीर खेद प्रकट केल्याचे इतके जुने दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता मुंबईकडे वळू. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन हा प्रवास तीन-चार आठवड्यांचा झाला. हिंदुस्थानी विद्यार्थी, वकील, संस्थानिक ह्या वाटेने जाऊ लागले. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर कामाची वाटणी जातपातीला शोभेल अशीच होती. डेकवर खलाशी, त्यांत रत्नागिरी आणि गुजरातकडचे मुसलमान दर्यावर्दी पुष्कळ. एंजिनखोलीत कोळसा ओढणारे वायव्येकडचे मुसलमान. आणि भोजनकक्षात वाढणारे मुख्यतः गोव्याचे ख्रिस्ती. गोवेकरच का? त्यांना गाय वर्ज्य नव्हती, डुक्कर वर्ज्य नव्हते, दारूचा पेला हाताळण्यात विटाळ नव्हता. साहेबाच्या टेबलाला ह्या तिन्हींची गरज होती. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्यातल्या एकेका गावाची 'कूड' असे. दोन सफरींच्या मधल्या काळात हे खानसामे, स्वयंपाकी आणि स्टुअर्ड तिथे उतरत. एक लाकडी पेटी, एक वेदी, आणि पुढच्या जहाजाची वाट. इंग्रजी जहाजावरच्या शिष्टाचाराचे बारकावे (कोणता काटा कधी, कोणती खुर्ची कोणाची) जेवायला बसणाऱ्या हिंदी पदवीधराआधी ह्या साष्टी-बारदेशच्या माणसाला ठाऊक होते. इतिहासाने त्याची नोंद फारशी ठेवलेली नाही.

आणि जेवायला बसणारा? सप्टेंबर 1888 मध्ये मोहनदास गांधी 'क्लाइड' जहाजाने मुंबईहून निघाले. निघण्यापूर्वी त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना वाळीत टाकले होते. त्यांना मदत करील किंवा निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. म्हणजे एका पंगतीतून ते उठवले गेले होते. दुसऱ्या पंगतीत मात्र ते बसूच शकले नाहीत. आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे की काट्या-सुरीचा सराव नाही, इंग्रजी बोलण्याचा धीर नाही, आणि यादीतल्या कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धाडस नाही. म्हणून ते केबिनमध्येच जेवत, तेही बहुतकरून घरून आणलेली मिठाई आणि फळे. जुनागडचे एक वकील सोबत होते, ते सहज मिसळत. एक वयाने वडील असा इंग्रज प्रवासी टेबलाशी येण्याचा आग्रहही करी. टेबलाची दारे बंद नव्हती. डग्लसला टेबल नाकारले गेले, गांधींना ते मागता आले नाही. विनंतीच्या चौकोनात खूण करण्यासाठी आधी भाषा लागते, आणि आपल्यासाठी वेगळे काही मागणे गैर नाही असा आत्मविश्वास लागतो, हे आज आपण विसरलो आहोत.

त्या काळच्या महाराष्ट्रात ह्या भयाचे माप काय होते? ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांना चहा देण्यात आला. रानडे, टिळक आदी मंडळी उपस्थित होती. कोणी प्याले, कोणी नुसता हात लावला. ह्या खटाटोपामागचे गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि चहाच्या एका पेल्यावरून ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, प्रायश्चित्त असे प्रकरण कित्येक महिने पेटत राहिले. हे गोपाळराव म्हणजे आनंदीबाई जोशी ह्यांचे यजमान. त्याच आनंदीबाई 1883 मध्ये, वैद्यकीच्या शिक्षणासाठी, श्रीरामपूरच्या सभेत आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर सांगून, कलकत्त्याहून मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने अमेरिकेला गेल्या होत्या. पुण्यात एका पेल्याने एवढा गहजब होतो, तर रोज तीन वेळा, तीन आठवडे, कोणी शिजवलेले आणि कोणी वाढलेले अन्न परक्यांच्या शेजारी बसून घेणे म्हणजे काय असेल! समुद्रबंदीचा वाद आपण शास्त्रार्थाचा म्हणून वाचतो. तो निम्म्याहून अधिक जेवणाच्या टेबलाचा होता, असे आमचे मत आहे.

ज्याला परवडेल त्याने ह्यावर वेगळाच तोडगा काढला. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी 'ऑलिंपिया' हे नवे कोरे जहाज अख्खे भाड्याने घेतले. ज्यावर पूर्वी कधी गोमांस शिजले नाही असे जहाज हवे, ही अट. जहाजाची शुद्धी झाली, वेगळी स्वयंपाकघरे बांधली गेली, आणि पुरेसे गंगाजल सोबत असावे म्हणून चांदीच्या प्रचंड गंगाजळ्या चढवल्या; त्यांतल्या दोन आजही जयपूरच्या राजवाड्यात उभ्या आहेत. टेबलासाठी केलेली इतकी महाग विनंती जहाजांच्या इतिहासात दुसरी नसावी.

सामान्य प्रवाशाचा मार्ग साधा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजावर चढल्याबरोबर जाणता प्रवासी तीन कामे उरकून घेई: डेकवरची खुर्ची राखणे, स्नानाची वेळ ठरवणे आणि भोजनकक्षात जाऊन मुख्य स्टुअर्डकडून टेबलावरची जागा मिळवणे. तिसरे काम सर्वांत नाजूक. स्टुअर्डपुढे टेबलांचा नकाशा पसरलेला असे. एकदा नाव लागले की सबंध प्रवासभर तीच खुर्ची, तेच शेजारी. कंटाळवाणा शेजारी आला तर सुटका नाही. त्यामुळे नकाशावर वाकलेल्या त्या माणसाच्या हातात नकळत काहीतरी सरकवण्याची चालही होतीच. ज्याचे कोणी ओळखीचे नाही, ज्याचे आडनाव उच्चारता येत नाही, त्याला कुठे बसवायचे? युरोपियन प्रवाशाचा तिटकारा आणि हिंदू प्रवाशाचा संकोच ही दोन सोवळी एकमेकांना छान पूरक होती. स्टुअर्डने कोपऱ्यातले टेबल दिले की दोघेही सुखी, असे व्हायला फारशी दुष्टबुद्धी लागत नसावी, असे आमचे अनुमान आहे. संख्या मोठी असली की मात्र कंपन्या मागणीची दखल घेत. स्थलांतर करणाऱ्या ज्यू प्रवाशांची संख्या मोठी होती, म्हणून 'टायटॅनिक'सारख्या जहाजावर त्यांच्या अन्नासाठी स्वतंत्र स्वयंपाकी नेमलेला होता.

लांब टेबल मोडले ते श्रीमंतांनी. 'व्हाइट स्टार'च्या 1871 च्या 'ओशनिक'ने भोजनकक्ष जहाजाच्या मध्यभागी, जिथे हेलकावे कमी लागतात तिथे आणला. पण टेबले लांबच. 1905 मध्ये हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' जहाजावर रिट्झच्या धर्तीचे उपाहारगृह उघडले. वाटेल तेव्हा जा, आपल्या माणसांसोबत छोट्या टेबलाशी बसा, यादीतून मागवा आणि वेगळे पैसे द्या. 'टायटॅनिक'वर असेच उपाहारगृह लुइजी गात्ती हा चालवीत असे. सगळी जेवणे तिथेच घेऊ, असे तिकीट काढतानाच सांगणाऱ्याला भाड्यात थोडी सूट मिळे. आजच्या चौकोनी खुणेची पणजी ती हीच. 14 एप्रिल 1912 च्या रात्री कप्तान स्मिथ ह्याच उपाहारगृहात वायडनर कुटुंबाच्या मेजवानीला हजर होता. खाली तिसऱ्या वर्गाच्या भोजनकक्षात 473 जणांची सोय होती, आणि प्रवासी त्याहून अधिक. तिथे पाळ्या लावून जेवण होई. वरच्या मजल्यावर निवड आणि खालच्या मजल्यावर पाळी अशी ही वाटणी.

1935 च्या फ्रेंच 'नॉर्मंडी'चा भोजनकक्ष 300 फुटांहून लांब होता, लालिकच्या काचेच्या दिव्यांनी उजळलेला, आणि त्यात सुमारे 700 माणसे दीडशेवर टेबलांशी बसत. म्हणजे दिखाऊपणाला दालन भव्य, पण टेबल लहान. परक्याशेजारी बसण्याची सक्ती पैसेवाल्यांनी अशी मोडून काढली. उरले ते कप्तानाचे टेबल. ते मागायचे नसते. त्याचे बोलावणे यावे लागते, आणि ते कोणाला आले हे सकाळपर्यंत साऱ्या जहाजाला ठाऊक असते.

जेट विमाने आली आणि 1958 नंतर अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाज धरण्याचे कारण उरले नाही. जहाजे मग कुठेही न पोचण्यासाठी निघू लागली. 1966 पासून मायामीहून कॅरिबियनकडे सहलीची जहाजे नियमित सुटू लागली. वर्ग मोडले (निदान भोजनकक्षात), पण निम्मेच प्रवासी एका वेळी मावत, म्हणून तिसऱ्या वर्गातली पाळी आता सर्वांच्या वाट्याला आली. एकच टेबल, एकच वेटर, त्याचा मदतनीस, आणि सहा-आठ अनोळखी सोबती. पहिल्या रात्री अवघडलेपण. चौथ्या रात्री एकमेकांच्या नातवंडांची नावे पाठ. शेवटच्या रात्री वेटरच्या हातात पाकीट. ह्या योगायोगातून आयुष्यभराच्या मैत्र्या झाल्या, आणि काही सहली नासल्याही. पाळी निवडण्यातही समाजशास्त्र होते. पहिली पाळी म्हातारे आणि मुलेबाळेवाले घेत, दुसरी पाळी स्वतःला रसिक समजणारे.

2000 साली आशियातल्या स्टार क्रूझेसने नॉर्वेजियन कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी तिने 'फ्रीस्टाइल'ची घोषणा केली: ठरावीक टेबल नाही, ठरावीक वेळ नाही, हवे तेव्हा हवे त्याच्यासोबत जेवा. स्पर्धक कंपन्यांनी दहाएक वर्षांत हा पर्याय कमीअधिक प्रमाणात उचलला. ह्याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेतला नाही. वेटर ठरावीक राहिला नाही, तसे ते शेवटच्या रात्रीचे पाकीटही गेले. बक्षिसी दर दिवशी खात्यावर आपोआप लागू लागली. कोणी वाढले हे न कळताच त्याचे पैसे दिले जातात. डिस्नेच्या 1998 च्या जहाजाने मात्र उलटी युक्ती काढली होती. तिथे प्रवासी रोज निराळ्या दालनात जेवतो आणि त्याचा वेटर त्याच्यामागून फिरतो. पान हलते, वाढपी तोच.

स्वातंत्र्य सर्वांना रुचलेच असे नाही. रॉयल कॅरिबियनने 2014 च्या 'क्वांटम ऑफ द सीज'वर मुख्य भोजनकक्षच रद्द करून चार लहान उपाहारगृहे केली आणि प्रत्येक रात्रीसाठी आगाऊ जागा राखायला लावले. लोक वैतागले. सुटीतही रोज अर्ज करायचा? दोनेक वर्षांतच जुनी व्यवस्था परत आणावी लागली. कनार्डने तर जुना क्रम पुरता कधी सोडलाच नाही. 'क्वीन मेरी 2'वर (2004) आजही केबिनच्या दरावरून कोणत्या भोजनगृहात जेवायचे ते ठरते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कप्तानाला हे ताबडतोब समजले असते.

आपल्याकडे सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून सुटू लागलेले कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे मुळात 1990 चे, कॅरिबियनसाठी बांधलेले जहाज. त्याच्यावर जैन अन्नाची सोय पहिल्यापासून आहे. कांदा-लसूण नको हे सांगताना आता कोणी संकोचत नाही. परदेशी क्रूझवर गटाने जाणारी मराठी मंडळीही आपली टेबले शेजारीशेजारी लावून घेतात. आम्हांस ह्यात गैर काही दिसत नाही. पण सगळी पंगत घरूनच घेऊन निघालेल्या माणसाला शेजारी कोण बसणार ही उत्सुकताच उरत नाही, आणि 2020 च्या साथीनंतर तर परक्यांसोबत बसवू नका ही मागणी जगभर रूढ झाली.

तरीही ठरावीक टेबले असलेल्या जहाजांवर पहिल्या दुपारी भोजनकक्षाच्या दाराशी एक लहान मेज मांडलेले असते. तिथला प्रमुख यादी घेऊन बसतो आणि समोर रांग लागते. कोणाला खिडकी हवी असते, कोणाला पाळी बदलून हवी असते, कोणी हलक्या आवाजात सांगतो की कालपर्यंत आम्ही चौघे येणार होतो, आता तिघेच आहोत. सर्वांत जास्त मागणी दोघांच्या टेबलाला असते, आणि तीच टेबले सर्वांत थोडी. ती पुरावीत म्हणून एका ओळीत इतकी जवळजवळ मांडतात की मधून वेटरला आडवे होऊनच जावे लागते. आणि दुसऱ्या रात्रीपासून शेजारच्या टेबलावरची बाई आपल्या नवऱ्याला सोडून आपल्यालाच विचारू लागते, मासा कसा आहे म्हणून.